खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची नीट रीत : विजेशिवाय पिल्लं काढणाऱ्यांसाठी

बारा अंडी ठेवायची, तीन आठवडे वाट बघायची आणि शेवटी हाती तीन-चार पिल्लं. मग दोष कोंबडीला लागतो, नाहीतर अमावास्येला. खरं तर कोंबडी आपलं काम बहुतेक वेळा चोख करते. नुकसान होतं ते दोन ठिकाणी. एक तर अंडी तिच्याखाली जाण्याआधीच निकामी झालेली असतात आणि दुसरं म्हणजे शेवटच्या तीन दिवसांत आपल्याला हात आवरत नाही. म्हणून या लेखात या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

शेतावरच्या किंवा डोंगरातल्या ज्या घरात विजेची तार पोचलेली नाही आणि सगळं एक-दोन सौर पॅनेलवर चालतं, तिथे अंडी उबवायच्या यंत्राच्या नादी लागू नका. त्या यंत्राला २१ दिवस, रात्रंदिवस, सुमारे ३७.५ अंश सेल्सियस उष्णता एकसारखी लागते. ढगाळ आठवडा आला, बॅटरी उतरली, की अख्खी खेप गेली. खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला बसलेली कोंबडी, तेवढीच उष्णता देते, अंडी स्वतः फिरवते आणि पुढे पिल्लं सांभाळतेही.

## सुरुवातीआधी : महिना आणि कोंबडी

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी असते, ऊन सोसवतं आणि खळ्यावर दाणा असतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत अंडी बसवू नका. पारा चाळिशीवर गेला की साठवणीतलं अंडंही बिघडतं आणि धापा टाकणारी कोंबडी अंड्यांवर टिकत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा टाळा. तिथे पिल्लं निघतात चांगली, पण ओल्या जमिनीवर महिनाभरात रक्ती हगवणीने जातात.

कोंबडी गावठीच हवी. वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण त्या क्वचितच खुडूक होतात आणि झाल्या तरी टिकून बसतील याचा भरवसा नसतो. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवता येतात. मात्र त्या पिल्लांत आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, हे धरून चाला. शक्यतो आधी एकदा पिल्लं वाढवलेली कोंबडी निवडा. पहिलटकर तलंग (नुकती अंड्यावर आलेली तरणी कोंबडी) असेल तर तिला सात-आठच अंडी द्या.

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा हवा. नवा कोंबडा आणला असेल तर तो कळपात रुळल्यावर किमान आठवडा जाऊ द्या आणि मगच उबवणीची अंडी धरायला लागा. दुकानातून आणलेली पांढरी अंडी बसवणारे अजूनही भेटतात. ती अंडी कोंबडाच नसलेल्या पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांची असतात. त्यांतून पिल्लू निघणं शक्य नाही.

## टप्पा १ : अंडी गोळा करणं

सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं होत राहते.

गावठी कोंबडी एका फेरीत साधारण बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. ती रोज अंडं घालत नाही. मध्ये खाडे होतात. म्हणजे ती खुडूक होईपर्यंत तिचं पहिलं अंडं पंधरा-वीस दिवसांचं झालेलं असतं. तिने घातलेली सगळी अंडी तशीच पाटीत (टोपलीत) साठू दिली आणि तीच तिच्याखाली ठेवली, तर त्यातली निम्मी आधीच शिळी असतात. उबवणीचं अंडं सात दिवसांच्या आतलं हवं. उन्हाळ्याच्या तोंडावर बसवत असाल तर चार दिवसांच्या आतलं.

म्हणून क्रम असा ठेवा :

१. कोंबड्या अंड्यावर आल्या की अंडी रोज उचला. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

२. पाटीत एक-दोन खुणेची अंडी राहू द्या म्हणजे कोंबडी जागा बदलणार नाही. त्यासाठी गुळगुळीत पांढरा गोटाही चालतो.

३. उचललेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहा. स्केचपेन किंवा मार्कर नको, कारण टरफलाला बारीक छिद्रं असतात आणि शाई आत जाते.

४. सात दिवस झालेलं अंडं त्या दिवशी स्वयंपाकघरात द्या. तव्यावर ते उत्तम असतं, पाटीत मात्र जागा अडवतं.

५. एका कोंबडीची सात दिवसांची अंडी पुरत नाहीत. कळपातल्या दोन-तीन कोंबड्यांची मिळून घ्या, किंवा कोंबडा असलेल्या शेजाऱ्याकडून ताजी आणा.

फ्रीज नसल्याचं इथे दुःख नको, कारण फ्रीज अंड्याला फार थंड पडतो. अंड्याला १५ ते १८ अंश मानवतं. साधारण २१ अंशांच्या वर अंड्यातला जीव अर्धवट वाढू लागतो, थांबतो, पुन्हा वाढू लागतो आणि शेवटी मरतो. देशावरच्या कोरड्या हवेत यावर मडक्याचा उपाय चांगला चालतो. पसरट टोपलीत वाळू भरा, मधोमध रुंद तोंडाचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, मडक्यात चार बोटं कोरडी साळ किंवा ज्वारी घाला आणि तिच्यावर अंडी ठेवा. तोंडावर ओलं फडकं बांधा आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा. मडक्याच्या आत ओल नको, ओल बाहेरच्या वाळूत हवी. कोकणच्या दमट हवेत या मडक्याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे चार-पाच दिवसांतच अंडी जमवणं बरं.

अंडी ठेवताना जाड बाजू वर आणि टोक खाली. जाड बाजूला हवेची पोकळी असते. ती वरच राहिली पाहिजे.

निवड करताना मध्यम आकाराचं, सारख्या टरफलाचं, नेहमीच्या घडणीचं अंडं घ्या. फार मोठं, फार छोटं, लांबट, गोलगरगरीत किंवा खडबडीत अंडं बाजूला काढा. तडा पटकन दिसत नाही, म्हणून रात्री टॉर्चसमोर धरून बघा.

सावधान : उबवणीची अंडी धुऊ नका आणि ओल्या फडक्याने पुसूही नका. टरफलावर नैसर्गिक पातळ लेप असतो. तो गेला की घाण थेट आत शिरते. विष्ठा माखलेलं अंडं असेल तर ते निवडूच नका. अंडं पाण्यात सोडून तरंगतंय का ते बघण्याची परीक्षा खाण्याच्या अंड्यांसाठी आहे, बसवायच्या अंड्यांसाठी नाही.

मोटरसायकलवरून कच्च्या रस्त्याने अंडी आणली असतील तर लगेच बसवू नका. जाड बाजू वर करून एक रात्र शांत ठेवा.

## टप्पा २ : कोंबडी खरंच खुडूक आहे का?

नुसती पाटीत बसलेली कोंबडी खुडूक नसते. ती अंडं घालायलाही तासभर बसते. खरी खुडूक कोंबडी अशी ओळखा :

- रात्रीही माच्यावर न जाता पाटीतच राहते.
- हात नेला की पिसं फुलवते, गुरगुरते, टोचते, पण जागा सोडत नाही.
- चालताना खुडखुड असा एकच सूर लावते.
- दिवसातून एकदाच बाहेर येते आणि मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते.
- छातीखालची पिसं विरळ झालेली असतात आणि तिथली कातडी हाताला गरम लागते.

एवढं दिसलं तरी दोन दिवस खुणेच्या अंड्यांवर बसू द्या. दोन्ही रात्री टिकली तरच खरी अंडी. ही परीक्षा टाळली तर चांगली अंडी पाचव्या दिवशी थंड पडलेली सापडतात.

याच दोन दिवसांत तिच्या अंगावरच्या उवा घालवा. उवा झालेली कोंबडी अंड्यांवरून सारखी उठते. पिसं उलटी करून, विशेषतः शेपटीखाली आणि पंखांखाली बघा. चाळलेली लाकडाची राख आणि बारीक कोरडी माती निम्मी-निम्मी घेऊन पिसांच्या मुळाशी चोळा, तोंड आणि डोळे सांभाळून. उवा जास्त असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून कोंबड्यांसाठीचं औषध आणा.

सावधान : पिकावर मारायची कीटकनाशक पावडर कोंबडीला किंवा पाटीत कधीही लावू नका. ती अंड्यात जाते आणि पिल्लांच्या पोटातही जाते. तंबाखूचं पाणीही नको, ते पक्ष्याला विषारी आहे.

## टप्पा ३ : जागा आणि पाटी

जागा अंधारी, कोरडी, हवेशीर आणि इतर कोंबड्यांपासून वेगळी हवी. मागच्या पडवीचा कोपरा किंवा गोठ्याची आतली बाजू चालते. चुलीचा धूर येतो ती जागा नको. रात्री दिवा जळतो ती नको, आणि दुपारचं ऊन पत्र्यावर पडतं ती तर नकोच.

पाटी किंवा टोपली दीड वीत खोल नको. आतून सव्वा-दीड फूट रुंद आणि वीतभर उंच पुरे. कोंबडीने पाय टाकून आत यावं. उडी मारावी लागली तर अंडी फुटतात.

१. तळाशी दोन-तीन इंच माती किंवा वाळू पसरा. कोरड्या महिन्यांत ती किंचित ओलसर ठेवा. चिखल नको.

२. हाताने मध्ये बशीइतका उथळ खड्डा करा. खोल केला तर अंडी एकमेकांवर चढतात आणि सपाट ठेवला तर कडेला घरंगळून थंड पडतात.

३. वर मऊ पेंढा किंवा वाळलेलं गवत. त्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला चुरून घाला. भुईमुगाची टरफलं किंवा लाकडाचा बारीक भुसा नको.

४. पाटी जमिनीवर ठेवू नका. चार विटांवर फळी ठेवा आणि प्रत्येक वीट पाण्याच्या परळात (उथळ पसरट भांड्यात) उभी करा.

शेवटची पायरी मुंग्यांसाठी आहे आणि तिला पर्याय नाही. पिल्लाने टरफलाला पहिला टवका पाडला की ओल्या वासावर लाल मुंग्या येतात. बाहेर यायच्या आत पिल्लू खाल्लं जातं. पाटीत लोखंडी खिळा, कोळसा, सुकी मिरची ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ठेवायचं असेल तर ठेवा, पण परळातलं पाणी रोज बघा. ते आटलं, किंवा पेंढ्याची एक काडी फळीवरून भिंतीला टेकली, तर मुंग्यांना पूल मिळतो.

रात्री मुंगूस, घूस, रानमांजर आणि साप येतात. कुंपणाला वापरतात ती मोठ्या भोकांची जाळी त्यांना अडवत नाही. अर्ध्या इंचाची जाळी लावा, किंवा रात्री पाटीवर मोठं डालगं (कोंबड्या झाकायची विणलेली टोपली) पालथं घालून वर दगड ठेवा. डालग्यातून हवा खेळली पाहिजे.

तपासणी : रिकाम्या पाटीत सहा अंडी ठेवून पाटी हलकी हलवा. अंडी मध्ये येऊन एकमेकांना टेकली आणि एकही वर चढलं नाही, तर खड्डा बरोबर आहे.

## टप्पा ४ : बसवणं

कोंबडीच्या अंगाखाली झाकली जातील तेवढीच अंडी ठेवा. मध्यम गावठी कोंबडीला दहा ते बारा, सुधारित जातीची मोठी अंडी असतील तर आठ. पंधरा ठेवली तर रोज वेगळी तीन बाहेर पडतात, आळीपाळीने सगळी थंड होतात आणि शेवटी आठही निघत नाहीत. जास्तीच्या हव्यासाने सगळी खेप बिघडते ती अशी.

अंधार पडल्यावर बसवा. आधी नव्या पाटीत अंडी मांडा. मग कोंबडीला दोन्ही हातांनी, पंख दाबून, अलगद उचलून आणा आणि पाटीच्या कडेशी ठेवा. ती स्वतः आत सरकते. अंड्यांवर वरून सोडू नका. पहिली रात्र डालग्याने झाका.

सगळी अंडी एकाच वेळी ठेवा. आज सात आणि परवा पाच असं केलं तर पहिली पिल्लं निघाल्यावर कोंबडी त्यांच्यामागे उठून जाते आणि उरलेली पाच अंडी आत जिवंत पिल्लं असताना थंड होतात.

शक्य असेल तर दोन कोंबड्या एकाच रात्री बसवा. एक मध्येच उठली तर तिची चांगली अंडी दुसरीकडे जातात. पिल्लं निघाल्यावर सगळी एकीला देऊन दुसरी मोकळी करता येते.

दिवस मोजताना घोळ होतो, म्हणून वार धरा. सोमवारी रात्री बसवली तर तीन आठवड्यांनी सोमवारीच पिल्लं निघायची वेळ. एखादा दिवस मागेपुढे होतो. पहिली टॉर्च-तपासणीही सोमवारीच येते. तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी अठरा दिवस भरतात आणि तिथून पाटीला हात लावणं बंद. हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळेल.

## टप्पा ५ : पहिले अठरा दिवस

कोंबडी रोज एकदा उठते. दाणा खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते, धुळीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. तेवढ्या थंडाव्याने अंड्यांचं काही बिघडत नाही. ती उठली की लोक घाबरून तिला मागे हाकलतात, ते करू नका. पाऊण तास झाला आणि ती बाहेरच आहे, तेव्हा मात्र उचलून आणा.

उलट काही कोंबड्या उठतच नाहीत. दीड दिवस बाहेर आली नाही तर तिला काढा. काढताना आधी पंखांखाली हात घालून बघा, एखादं अंडं पंखात अडकलेलं असतं.

दाणा कोरडा आणि अख्खा द्या : ज्वारी, मका, गहू, साळ. ओला कोंडा दिला तर विष्ठा पातळ होते आणि पाटी घाण होते. दाणा-पाणी पाटीपासून चार-पाच फुटांवर ठेवा, पाटीत नको. जवळच कोरडी माती आणि राख यांचा एक ढीग असू द्या.

दुसरी कोंबडी गुपचूप येऊन याच पाटीत अंडं घालते. कोंबडी जेवायला उठली की रोज नजर टाका आणि पेन्सिलीची खूण नसलेलं अंडं लगेच काढा.

सातव्या दिवशीची तपासणी : रात्री अंधारात एकेक अंडं घ्या, टॉर्चचं तोंड मुठीत धरून जाड बाजूला टेकवा. लालसर शिरांचं जाळं आणि मधला काळा ठिपका दिसला तर पिल्लू वाढतंय. आरपार स्वच्छ दिसलं तर अंडं फळलेलं नाही. रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर जीव सुरू होऊन मेला. एका अंड्याला पाच-दहा सेकंद पुरे. नक्की कळलं नाही तर अंडं परत ठेवा, चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. तेव्हा जिवंत अंडं हवेची पोकळी सोडून बहुतेक काळंभोर दिसतं.

खराब अंडी काढण्याचं कारण फक्त जागा मोकळी करणं नाही. मेलेलं अंडं उबेत कुजतं, त्यात वायू भरतो आणि ते फुटलं की सगळी पाटी नासते. घाण वास येणारं किंवा ओलं पाझरणारं अंडं दिसताक्षणी काढा, लांब पुरा आणि हात धुऊन मगच दुसऱ्या अंड्याला लावा.

काढलेल्या अंड्यांवरून कुठे चुकलं त्याचा माग लागतो. दहातली पाच स्वच्छ निघाली तर कोंबड्यात दोष असेल किंवा कोंबड्या जास्त झाल्या असतील. पाचांत रक्ताचं कडं असेल तर अंडी शिळी होती किंवा साठवणीत तापली. पुढच्या खेपेला काय बदलायचं ते इथे ठरतं, म्हणून आकडा लिहून ठेवा.

## टप्पा ६ : शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी शेवटची कामं करा. परळांत पाणी भरा. हवा फार कोरडी असेल तर पाटीच्या कडेने हळूच पाणी ओतून तळची वाळू ओलसर करा. अंड्यांवर पाणी शिंपडू नका. दाणा-पाणी आता दोन फुटांवर आणा. मग पाटीपासून दूर व्हा.

या दिवसांत पिल्लू आत आपली मान वळवून चोच हवेच्या पोकळीकडे नेतं. अंडी उचलली, फिरवली, कानाला लावली, तर ते चुकीच्या बाजूला अडकतं. विसाव्या दिवशी आतून बारीक चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी त्याला उत्तर देते. तो संवाद चालू आहे म्हणजे सगळं ठीक चाललं आहे.

पहिला टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. मध्ये कितीतरी तास काहीच हालचाल दिसत नाही. नेमकं तेव्हाच कोणीतरी कळवळून टरफल सोलायला बसतं. त्या थांबलेल्या वेळात पिल्लू आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. टरफल सोललं तर रक्त वाहतं, बलक बाहेर राहतो आणि पिल्लू मरतं. तुमची माया खरी आहे, पण ती इथे दुरूनच करा.

पिल्लं निघाल्यावरही घाई नको. पोटात ओढलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं, म्हणून पहिल्या पिल्लाला दाणा मिळावा म्हणून कोंबडीला उठवू नका. पहिल्या पिल्लानंतर साधारण दीड दिवस थांबा. मग कोंबडी आणि पिल्लं हलवा, उरलेली अंडी टॉर्चने बघा, काही जिवंत नसेल तर खोल पुरा.

पाटीतला पेंढा जाळून टाका. त्यात उवा आणि किडी असतात. पाटी कडक उन्हात दोन दिवस वाळवा.

## टप्पा ७ : पहिला आठवडा

आधी पाणी, मग दाणा. पहिले काही तास कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्या, नंतर साधं पाणी. परळ उथळ हवं आणि त्यात गोटे घालून ठेवा. पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं, आणि भिजलं तरी थंडीने जातं.

तालुक्याला पिल्लांचं तयार खाद्य, चिक स्टार्टर, मिळत असेल तर पहिल्या महिन्यासाठी आणाच. पिल्लाला सुमारे २० टक्के प्रथिनं लागतात आणि नुसत्या तांदळाच्या कण्यांत ती फार कमी असतात. कण्या खाऊन पिल्लं पोट भरलेली दिसतात, पण पंख लोंबतात आणि वाढ खुंटते. खाद्य मिळत नसेल तर बारीक भरडलेला मका किंवा ज्वारी, शेंगदाण्याची पेंड आणि बिनमिठाच्या सुकटीची पूड असं मिसळा. पेंडीला बुरशी किंवा कुबट वास असेल तर ती फेका. बुरशीचं विष पिल्लांना थोडंही सोसत नाही.

वाळवी हे तर फुकटचं उत्तम खाद्य. मडक्यात ओलसर शेण, पेंढा आणि गोणपाटाचा तुकडा कोंबा आणि वाळवी फिरते तिथे संध्याकाळी पालथं घाला. सकाळी मडकं पिल्लांसमोर झटका. जिथे वाळवीचं औषध टाकलं असेल तिथली वाळवी मात्र देऊ नका.

पहिले आठ-दहा दिवस आई आणि पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीच्या खोपीत ठेवा. खाली तुसाचा कोरडा थर घाला. ओला झालेला भाग रोज काढा.

सावधान : आई मेली किंवा पिल्लं टाकून उठली तर ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३३ ते ३५ अंश हवेत. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि दर काही तासांनी बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या वायूने पिल्लंही मरतात आणि तिथे झोपलेली माणसंही.

## टप्पा ८ : मानमोडीची लस

पिल्लं पाच ते सात दिवसांची झाली की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर अख्खा कळप चार-सहा दिवसांत संपतो आणि त्यावर औषध नाही. पुढे साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांना देवीची लस, आठ आठवड्यांच्या पुढे आर-टू-बी (हीही मानमोडीचीच लस). तारखा तुमच्या भागातल्या पशुवैद्यकाकडून पक्क्या करून घ्या.

फ्रीज नसलेल्यांनी लस आणून ठेवायची नाही, आणायची आणि द्यायची. लसीला २ ते ८ अंश लागतात. तोंड रुंद असलेला थर्मास आणि बर्फ घेऊन जा. कुपी फडक्यात गुंडाळून बर्फात ठेवा. परतल्यावर सावलीत कालवा आणि तासाभरात संपवा. कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची लस असते, म्हणून शेजारच्या वस्त्यांशी आधीच दिवस ठरवा. उरलेली लस उद्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. आजारी, मलूल पिल्लाला त्या दिवशी लस देऊ नका.

## टप्पा ९ : परसबागेत सोडणं

दहा दिवसांनंतर, दव सुकल्यावर, दहा-अकराच्या सुमाराला आईसकट बाहेर सोडा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत घार आणि कावळा ही खरी भीती. मोकळ्या अंगणापेक्षा शेवग्याखाली, केळीच्या बुंध्याशी किंवा वेलाच्या मांडवाखाली सोडा. आईने इशारा दिला की पिल्लांना शिरायला आडोसा हवा.

पण पेरलेल्या वाफ्यात नाही. पिल्लं कीड टिपतात, आई मात्र नखांनी मेथी-कोथिंबिरीचा वाफा तासाभरात उकरून काढते. वाफ्यांना तुराट्यांचं दाट कुंपण करा. याउलट पीक निघालेला वाफा रिकामा असेल तर आई-पिल्लांचं डालगं त्यावरच ठेवा आणि रोज पुढे सरकवा. किडे आणि तणाचं बी खाल्लं जातं, जमीन भुसभुशीत होते आणि पिल्लांना रोज कोरडी, ताजी जागा मिळाल्याने हगवण लागत नाही.

खुराड्यातला तूस आणि विष्ठा ताजी असताना झाडांना घालू नका, मुळं जळतात. पाल्यापाचोळ्यात मिसळून किमान तीन महिने कुजवा.

विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून गोळा होऊन बसली, तर ती रक्ती हगवण. त्याच दिवशी तूस बदला आणि दवाखान्यातून औषध आणा. एक दिवसाचा उशीरही महागात पडतो.

मोठ्या कोंबड्या पिल्लांचं खाद्य खाऊन टाकत असतील तर डालगं तीन दगडांवर टेकवून ठेवा आणि खाद्य आत. पिल्लं खालून शिरतात, मोठ्या अडकतात.

## कोंबडी मोकळी करताना

पिल्लं काढलेल्या कोंबडीखाली लगेच दुसरी अंडी सरकवायची सवय सोडा. २१ दिवसांत तिचं वजन चांगलंच उतरलेलं असतं. पिल्लांना पंख फुटून ती रात्री आपापली बसू लागली, की साधारण सहा-आठ आठवड्यांनी, तिला वेगळी करा आणि दाण्यासोबत पेंड व शिंपल्यांचा चुरा द्या. काही आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते.

आणि जी खुडूक झाली आहे पण तुम्हाला बसवायची नाही, तिला पाण्यात बुचकळू नका, नाकात पीस घालू नका. उजेडाच्या जागी, खालून हवा लागेल अशा फटींच्या टोपलीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी पूर्ण द्या, पेंढा मात्र देऊ नका. पोटाला गारवा लागला की खुडूक उतरते. चौथ्या दिवशी सोडल्यावर ती थेट पाटीकडे धावली तर आणखी दोन दिवस ठेवा.